पाणी कधी सुटणार, तेवढं तरी सांगा!

नमस्कार मंडळी! मराठवाड्यातल्या शहरांत उन्हाळ्यात शेजारणी एकमेकींना काय विचारतात? "पाणी कधी सुटणार?" किती सुटणार, हा प्रश्न नंतरचा.

दोन गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडं आठवड्यातून एकदाच पाणी. एकीकडं वार आणि वेळ ठरलेली. तिथली बाई तेवढी सकाळ मोकळी ठेवते, हौद, ड्रम, घागरी भरते आणि कामावर जाते. दुसरीकडं पाणी कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. मग घरात कुणीतरी थांबायलाच लागतं. रोज बुडतो, नाहीतर पोरीची शाळा बुडते. पाणी दोघींना सारखंच मिळालं. तरी दुसरी चिडते, आणि तिचं चिडणं रास्त आहे.

परसुरामन, झाइथमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८५ साली हेच मांडलं: माणूस सेवा जोखतो ती अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या अंतरावरून. १९८८ मध्ये त्यांनी पाच कसोट्या दिल्या. दिसणाऱ्या सोयी, तत्परता, कर्मचाऱ्याच्या जाणकारीनं वाटणारी खात्री, आपुलकी यांपेक्षा जड ठरला तो भरवसा. सांगितलेलं काम, सांगितल्या वेळी. म्हणून ऑफिसला नवी फरशी बसवली तरी "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" ऐकून परतणारा माणूस खूश होत नाही.

त्यांचा अभ्यास बँका, दुरुस्ती अशा सेवांवरचा. तिथं गिऱ्हाईक दुसरं दुकान गाठतं. आपल्याला दुसरं तहसील कुठंय? आणि २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं नळाला धार आली तरी माणूस "बरं चाललंय" म्हणणारच. अपेक्षाच आटलेली असते हो! म्हणून नुसतं "समाधानी आहात का?" विचारून भागत नाही. ठरलेली वेळ किती वेळा पाळली, तेही मोजायला हवं.

दाखल्यांसाठी ही वेळ कायद्यानंच बांधून दिली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेला मुदत असते. अर्जाची पोच मागून घ्या, तिच्यावरचा क्रमांक जपा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. कारण नसताना टाळाटाळ केली, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तुमच्या गल्लीत पाण्याचा वार ठरलाय का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा.