हॉट टबमधला क्लोरीन: टाकला किती, उरला किती

हॉट टब म्हणजे गरम पाण्याचा, फवारे असलेला टब. त्याचे झाकण उघडल्याबरोबर नाकात उग्र दर्प शिरला की बहुतेक जण म्हणतात, आज क्लोरीन जरा जास्त पडला वाटतं. बहुधा तो कमी पडलेला असतो. पाण्यात मोकळा असलेल्या, म्हणजे मुक्त क्लोरीनला तीन-चार पीपीएमपर्यंत (एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्राम) फारसा वास येत नाही. दर्प येतो क्लोरामाइनचा. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीन जखडला गेला की क्लोरामाइन तयार होते. जंतू मारण्याच्या कामात ते फार मंद आणि डोळे चुरचुरवण्यात मात्र तत्पर.

म्हणून टबाचा हिशेब शिल्लकेवर ठेवायचा. काल चमचाभर टाकला होता, याचा आजच्या पाण्याला काही उपयोग नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी: हॉट टबमध्ये मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, क्लोरीनऐवजी ब्रोमिन हे जंतुनाशक वापरत असाल तर किमान ४ पीपीएम, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा, ७.० ते ७.८. घरी आत उतरताना ३ ते ५ असावा. ३ ही तळाची रेघ आहे, तिच्या खाली जाऊन पाहू नये.

ही शिल्लक इतक्या झपाट्याने का संपते? पाणी किती थोडे आहे ते बघा. दीड हजार लिटरच्या टबात चार माणसे बसणे म्हणजे पन्नास हजार लिटरच्या तलावात एकाच वेळी एकशे तीसहून जास्त माणसे उतरणे. त्यात पाणी चाळीस अंशांवर, म्हणजे माणूस घामाने निथळतो, फक्त ते त्याला कळत नाही. अंदाज असा की एक माणूस तासभर बसला तर सुमारे ९ ग्रॅम क्लोरीन खर्च होतो. दीड हजार लिटरमध्ये हे ६ पीपीएम झाले. दोघे जण अर्धा तास बसले तरी तेवढेच. म्हणजे ४ वर आत शिरलात तर बाहेर येईपर्यंत तो जवळपास संपलेला असू शकतो, आणि कोमट, अंधारे, झाकलेले पाणी पुढचे दोन दिवस जंतूंना मोकळे.

तेव्हा मुख्य मात्रा बाहेर आल्यावर, अंग पुसायच्या आधी टाकायची. डायक्लोर या क्लोरीनच्या पावडरमध्ये साधारण ५६ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. एका माणसाच्या एका तासाला सुमारे १६ ग्रॅम लागतात. चमच्याच्या अंदाजावर न जाता छोटा वजनकाटा ठेवा. पाच टक्क्यांचे साधे, बिनसुगंधी, घट्टपणा न आणलेले ब्लीच वापरत असाल तर दीड हजार लिटरला ३० मिलिलिटर म्हणजे १ पीपीएम. पंप सुरू ठेवायचा, हवेच्या झडपा बंद करायच्या, मात्रा पाण्यावर पसरून ओतायची आणि झाकण वीसेक मिनिटे उघडे ठेवायचे. लगेच झाकले तर आतली वाफ झाकणाचे अस्तर आणि उशा खाते.

डायक्लोर सोयीचे, पण त्याची एक किंमत मोजावी लागते. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ते सुमारे ९ पीपीएम सायन्यूरिक आम्ल सोडते. हे आम्ल क्लोरीनला धरून ठेवते. उघड्या तलावात उन्हापासून क्लोरीन वाचवायला ते कामाचे, झाकलेल्या टबात त्याचा फायदा नगण्य. उलट काम करणाऱ्या क्लोरीनचा वाटा घटतो, आणि ते उडून जात नाही, साचतच राहते. रोज ३ पीपीएमची मात्रा धरली तर महिन्यात ते ८० पीपीएमच्या पुढे जाते. चाचणीच्या पट्टीवर आकडा ३ दिसतो, पण त्यात पूर्वीचा जोर उरलेला नसतो. सीडीसी तर हॉट टबमध्ये सायन्यूरिक आम्ल वापरूच नका म्हणते. म्हणून डायक्लोर वापरलेच तर पहिले काही दिवस, नंतर ब्लीच. तलावासाठी मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या वड्या टबात कधीच नकोत. त्या आम्लधर्मी असतात, तळाशी बसल्या जागी पृष्ठभाग खातात, शिवाय हेच आम्ल वाढवतात.

पीएचचा संबंध थेट इथेच येतो. सायन्यूरिक आम्ल नसलेल्या पाण्यात ७.२ ला मुक्त क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग प्रभावी रूपात असतो, ७.५ ला अर्धा, आणि ८ ला जेमतेम पाव. फवारे हवा घुसळतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो. त्याला सोडियम बायसल्फेट हे आम्लधर्मी द्रव्य थोडे थोडे टाकून खाली आणायचे. एकूण क्षारता, म्हणजे पीएच बदलू न देण्याची पाण्याची ताकद, मात्र ५० ते ८० पीपीएम ठेवा, ब्लीच वापरणाऱ्यांना तेवढी पुरते. दीड हजार लिटरमध्ये ती १० ने वाढवायला २५ ग्रॅम खाण्याचा सोडा. जास्त ठेवली तर पीएच चढतच राहतो आणि तुम्ही आम्ल ओतत बसता.

ब्रोमिनवाल्यांसाठी थोडक्यात: त्याचा प्रभाव पीएच ८ लाही टिकतो आणि जखडलेला ब्रोमिनसुद्धा काम करतो. सुरुवातीला ३० पीपीएम, म्हणजे दीड हजार लिटरला ४५ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड टाकून साठा करायचा आणि क्लोरीनसारख्या ऑक्सिडायझरने त्याचे ब्रोमिन करून तो जागा करायचा. पण एकदा पाण्यात ब्रोमाइड आला की टाकलेला क्लोरीन ब्रोमिनच बनवणार. परत क्लोरीनकडे जायचे तर पाणी काढूनच जावे लागते.

आता चाचणी, कारण शिल्लक मोजल्याशिवाय कळत नाही. नमुना कोपरभर खोलीवरून, फवाऱ्यापासून दूर घ्या. क्लोरीन असला की नमुना गुलाबी करणाऱ्या डीपीडी गोळीच्या चाचणीत एक फसवणूक आहे. क्लोरीन फार जास्त, दहाच्या बराच वर गेला तर तो गुलाबी रंगच उडवतो आणि नमुना पांढरा दिसतो. माणूस समजतो शून्य आहे आणि आणखी ओततो. शंका असेल तर नमुन्यात तेवढेच शुद्ध पाणी मिसळा आणि येणारा आकडा दुप्पट करा. थेंब मोजत जाणारी एफएएस-डीपीडी चाचणी ही चूक करत नाही. पीएच मोजण्याचा फिनॉल रेडही जास्त क्लोरीनमध्ये जांभळा होऊन खोटे बोलतो. मोनोपर्सल्फेट ही क्लोरीन नसलेली पावडर वापरत असाल तर ते एकूण (मुक्त अधिक जखडलेल्या) क्लोरीनच्या चाचणीत क्लोरामाइन असल्याची बतावणी करते. ते जंतुनाशक नव्हे, घाण जाळणारे आहे. काही टबांत यंत्राने सोडला जाणारा ओझोन वायूही मागे शिल्लक ठेवत नाही.

कोणी आत न बसता चोवीस तास मोजा. पाव ते अर्धा क्लोरीन गेला तर ठीक, ओझोन असेल तर अर्धा अपेक्षितच. त्याहून जास्त गेला, रात्री ६ होता आणि सकाळी शून्य, तर पाण्यात काहीतरी क्लोरीन खात आहे. बहुधा नळ्यांच्या आत बसलेला बुळबुळीत थर. याच थरात दोन जंतू राहतात: स्युडोमोनास, ज्याने पोहण्याच्या कपड्याखाली पुरळ उठते, आणि लेजिओनेला. लेजिओनेला फवाऱ्याच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी चालू ठेवलेल्या व्हर्लपूलमधून, म्हणजे फवारे असलेल्या टबातून, लेजिओनेलाची साथ पसरली आणि ३० हून अधिक लोक दगावले. ते टबात उतरले नव्हते, प्रदर्शन पाहायला आले होते.

असा थर असेल तर क्लोरीन वाढवून भागत नाही. नळ्या धुण्याचे खास द्रव्य टाकून फवारे चालवा, वर तवंग येईल, मग पाणी पूर्ण काढा. फिल्टरही बदला, नाहीतर तोच थर परत येतो. नवा टबही एकदा असाच धुवावा, कारखान्यातल्या चाचणीचे पाणी नळ्यांत उरलेले असू शकते.

पाणी एरवी कधी बदलायचे? लिटर भागिले ११, भागिले रोजची माणसे, इतक्या दिवसांनी. दीड हजार लिटर आणि रोज दोघे, तर अडुसष्ट दिवस. नवे पाणी भरले की हीटर तापायची वाट न पाहता क्लोरीन टाका. पंचवीस अंशांपुढे लेजिओनेलाला वाढायला अनुकूल पाणी मिळते, आणि भरलेल्या टबाला चाळीसपर्यंत जायला कित्येक तास लागतात.