चार लाख अकरा हजार तीस

सदाशिव पेठेतल्या एका घरात लग्नपत्रिकांवर पत्ते लिहायचे काम चाललेय. नाव, घरनंबर, पेठ आणि शेवटी, बोटे दुखायला लागल्यावर, पुणे ४११ ०३०.

पिनकोड आपण 'चार एक एक, शून्य तीन शून्य' असा म्हणतो. चार लाख अकरा हजार तीस म्हणणारा पुणेकर अजून भेटायचाय. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तेव्हा अंकांना टपालाची कामे नेमून दिली गेली. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग, पहिल्या तिनांवरून पुणे, शेवटच्या तिनांवरून डाकघर. त्यांचा भागाकार कोणी करील, ही अपेक्षा नव्हती.

आपण करू. खाडाखोड होऊन बाद झालेले एक पाकीट घ्या आणि मागच्या बाजूला लिहा.

शेवटी शून्य आहे, म्हणजे दहाने भाग जातोच. उरले ४११०३. अंकांची बेरीज नऊ, तेव्हा नऊनेही जाणार. भाग दिला की खाली येतात चार, पाच, सहा, सात. ४५६७! ओळीने, शाळेत रांगेत उभे केल्यासारखे.

पटत नसेल तर उलटे करून बघा. नऊ सत्ते त्रेसष्ट, तीन लिहिले, हातचे सहा. नऊ सक चोपन्न आणि सहा साठ, शून्य, हातचे सहा. नऊ पाचे पंचेचाळीस आणि सहा एक्कावन्न, एक, हातचे पाच. नऊ चोक छत्तीस आणि पाच एक्केचाळीस. ४११०३.

पुढे मात्र गाडी अडते. ४५६७ ला सातने भाग जात नाही, तेराने नाही, एकोणीसने नाही. ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, कारण पुढच्या ७१ चा वर्ग ५०४१, म्हणजे आपल्या संख्येच्या पार गेला. ६७ ने भागले तरी ११ उरतात. ४५६७ मूळ संख्याच आहे.

आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी नाव दिले हर्षद, हर्ष देणारी. पुढे देवळालीला शाळामास्तर झालेले कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले होते. ४११ ०३० हर्षद आहे, पण त्यात फारसे कौतुक नाही. बेरीज नऊ आली की नऊने भाग जाणारच.

फर्ग्युसनचा पिनकोड बघा. ४११ ००४. बेरीज दहा. नाही, चुकलो. चार, एक, एक, चार... हो, दहाच. आणि शेवटी शून्य नाही, तेव्हा भाग जात नाही. ज्यांनी हे नाव दिले, त्यांच्याच कॉलेजचा आकडा हर्षद निघत नाही.

कोथरूडचा ४११ ०३८ घेतला. बेरीज सतरा. भागून बघितले, बारा उरले.