पायानं वाचायची अक्षरं, पांढरी काठी आणि 'नाही' म्हणणारी कुत्री

[कॅमेरा जमिनीलगत. चप्पल घातलेला पाय पिवळ्या फरशीवरून सावकाश पुढे सरकतो.]

चेहरा नंतर दाखवते. आधी पायाकडे बघा.

ही फरशी आपण रोज तुडवतो. मेट्रोत, रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर, हल्ली नव्या फुटपाथांवरही. पिवळीधमक, वर उंचवटे. परवा माझी काकू म्हणाली, "अगं, पाय घसरू नये म्हणून बसवतात त्या." मी हसले नाही, कारण तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझंही हेच मत होतं. शिवाय बॅगेची चाकं त्यावर खडखडतात म्हणून थोडा रागही होता.

[कॅमेरा वर.]

नमस्कार! तर या फरशीवर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लिहिलेलं असतं, आणि ते पायानं वाचायचं असतं. अक्षरं दोनच. एक हे, लांब पट्ट्यांचं. पट्ट्या ज्या दिशेला, त्या दिशेला चालत राहा. दुसरं हे, गोल ठिपक्यांचं. म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे: जिना, वळण, रस्ता, नाहीतर प्लॅटफॉर्मची कड. आता पुढच्या वेळी लोकलच्या फलाटावर बघा, कडेला कुठलं अक्षर आहे ते.

ठिपका केवढा? जेमतेम पाच मिलिमीटर उंच. पातळ तळव्याच्या चपलेतून लगेच कळतो. माझ्या जाड स्पोर्ट्स शूजमधून मात्र मला पाय दोनदा घासावा लागला. आणि पिवळा रंग का? कारण दृष्टी अधू असलेल्या बऱ्याच जणांना थोडं दिसतं. करड्या फरशीवर पिवळा पट्टा त्यांना धूसर का होईना, ओळखता येतो.

ही कल्पना जपानमधल्या ओकायामा शहरातली. सेइइची मियाके नावाचे गृहस्थ होते. व्यवसाय काय, तर प्रवाशांसाठी निवास चालवायचे, आणि उरलेल्या वेळात काही ना काही शोधत बसायचे. त्यांच्या एका मित्राची दृष्टी गेली होती. तो मित्र बोलता बोलता म्हणाला म्हणे, की शेवाळ कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, ते मला बुटातूनसुद्धा कळतं. मियाकेंनी ते वाक्य धरून ठेवलं. पायाला दोन जमिनींतला फरक कळतो, तर तो फरक आपणच मुद्दाम तयार केला तर?

१८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्या फरशा बसल्या. एकूण २३०. त्यांना जपानीत 'तेंजी ब्लॉक' म्हणतात. तेंजी म्हणजे ब्रेल.

पुढे लगेच जगभर डंका वाजला असेल ना? छे! मियाके शहराशहरांना फरशा फुकट पाठवत होते आणि मागणी येत नव्हती. पदरमोड चालूच. १९७० साली ओसाकातल्या आबिकोचो स्टेशनच्या फलाटावर त्या लागल्या, आणि मग कुठे गाडी रुळावर आली.

[फुटपाथवरचा शॉट. पिवळी पट्टी सरळ जाते आणि विजेच्या डीपीला जाऊन थडकते.]

हा आमच्या घराजवळचा फुटपाथ. पट्टी बघा. चालत राहा, चालत राहा, चालत राहा... आणि डीपी! डीपीच्या आधी ठिपके आहेत का? नाहीत. म्हणजे फरशी ज्याला डोळे मिटून विश्वास ठेवायला सांगते, त्याला नेऊन विजेच्या पेटीवर आपटते. ठेकेदाराच्या दृष्टीनं काम चोख झालेलं आहे, मोजमाप पुस्तकात इतके मीटर पट्टी लागली. या पट्टीपेक्षा पट्टी नसलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. काठीकडे येऊ.

[हातात पांढरी घडीची काठी.]

काठी हे काही नवं यंत्र नव्हे. आंधळ्याची काठी हा शब्द आपल्या भाषेत केव्हापासूनचा आहे. नवीन गोष्ट तिचा रंग. १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. घराभोवती मोटारींची वर्दळ वाढत चालली होती, त्याची त्याला धास्ती वाटायची. त्यानं आपली साधी काठी पांढरी रंगवली. आता विचार करा, ज्याला दिसत नाही त्याला काठी काळी काय आणि पांढरी काय! तो रंग त्यानं समोरच्या मोटारवाल्यासाठी लावला होता. काठीचं टोक त्याच्यासाठी, रंग आपल्यासाठी. १९३१ साली पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ या बाईंनी अशा पांढऱ्या काठ्या वाटायला सुरुवात केली आणि ही खूण रुळली. आज १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून पाळतात.

पण ही काठी वापरायची कशी, ते शास्त्र दुसऱ्या महायुद्धातलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात दृष्टी गमावलेले सैनिक येत होते. तिथे १९४४ च्या सुमारास रिचर्ड हूव्हर यांनी काठी लांब केली, पार छातीपर्यंत, आणि हलकी केली. म्हाताऱ्या माणसासारखा तिच्यावर भार टाकायचा नाही. मनगटानं डावीकडून उजवीकडे, खांद्याएवढ्या रुंदीत झुलवायची. आणि खरी गंमत इथे आहे, नीट बघा.

[चालून दाखवते. कॅमेरा पायांवर.]

उजवा पाय पुढे, काठीचं टोक डावीकडे. डावा पाय पुढे, टोक उजवीकडे. म्हणजे जो पाय आता पडायचा आहे, त्याची जागा काठी एक पाऊल आधीच तपासून ठेवते. वाचताना आपले डोळे शब्दाच्या थोडे पुढे असतात ना, तसंच. टक टक आवाजही फुकट जात नाही. भिंत जवळ आली, मोकळं दार आलं, की तो आवाज बदलतो, आणि सरावलेल्या कानाला ते कळतं.

हो, एक सांगायचं राहिलं. डोळ्यांवर पट्टी बांधून मी आज चालणार नाहीये. दोन मिनिटं पट्टी बांधली की माणूस फक्त घाबरायला शिकतो. वीस वर्षं काठी वापरणारा माणूस घाबरत नसतो, तो ऑफिसला चाललेला असतो.

काठीची एक अडचण मात्र आहेच. तिला जमिनीवरचं कळतं, कपाळावरचं नाही. टपरीचं पुढे आलेलं छप्पर, झाडाची लोंबती फांदी, टेम्पोचा उघडा फाळका: काठी खालून बिनबोभाट निघून जाते आणि डोकं आपटतं. यावर आयआयटी दिल्लीत एक उपाय निघाला, स्मार्टकेन. २०१४ मध्ये ती बाजारात आली. काठीच्या मुठीवर बसणारं छोटं यंत्र वटवाघळासारखा कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडतं, तो आदळून परत आला की मूठ थरथरते. सुमारे तीन मीटरवरून गुडघ्याच्या वरचा अडथळा कळतो.

आणि दुसरा उपाय, चार पायांचा.

[पडद्यावर ताठ दांडीचा हार्नेस घातलेल्या कुत्र्याचं चित्र.]

पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं कितीतरी सैनिकांची दृष्टी गेली. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग गावात डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ साली अशा सैनिकांसाठी मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा काढली. गोष्ट अशी सांगतात, की डॉक्टर एका अंध रुग्णाबरोबर बागेत फिरत होते, मध्येच त्यांना बोलावणं आलं, म्हणून आपला कुत्रा त्यांनी रुग्णाजवळ सोडला. परत येऊन बघतात तर तो त्याला सांभाळत बसलेला.

हा प्रयोग अमेरिकेत पोचला तो एका लेखामुळे. डोरोथी युस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना पोलिसी कामाचं शिक्षण द्यायची. जर्मनीतली शाळा बघून तिनं १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात लिहिलं. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात मॉरिस फ्रँक नावाचा विशीतला मुलगा होता. एक डोळा सहाव्या वर्षी गेलेला, दुसरा सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना. वडिलांनी त्याला तो लेख वाचून दाखवला. त्यानं बाईंना पत्र लिहिलं: मला असा कुत्रा द्या, मी इथे येऊन बाकीच्यांना शिकवीन.

स्वित्झर्लंडला जाताना बोटीवर हा एकटा अंध मुलगा म्हणजे जणू पार्सलच. सोपवलेल्या माणसानं न्यायचं, फिरवायचं, परत केबिनमध्ये कोंडायचं. तिकडे त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री मिळाली, तिचं नाव होतं किस. आता विशीतल्या मुलानं भररस्त्यात "किस, किस" अशा हाका मारायच्या? त्यानं तिचं नाव लगेच बडी ठेवलं. पुढे आयुष्यभर त्यानं आपल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच ठेवलं.

जून १९२८. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पत्रकार जमलेले. त्यांनी आव्हान दिलं, समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. रुंद रस्ता, ट्रक, टॅक्सी, भोंगे. फ्रँकनं हार्नेसची मूठ पकडली आणि दोघं निघाले. बडी थांबे, मागे सरे, पुन्हा पुढे होई. पलीकडे पोचल्यावर त्यानं युस्टिसबाईंना तार केली. तारेत शब्द एकच: सक्सेस. १९२९ च्या जानेवारीत फ्रँक आणि युस्टिसबाई या दोघांनी 'द सीइंग आय' ही संस्था सुरू केली, ती आजही चालू आहे. तिथे कुत्रा घेणाऱ्याकडून पहिल्या वेळी १५० डॉलर घेतात, माजी सैनिकाकडून १ डॉलर. खर्च त्याच्या कितीतरी पट. मग घेतात कशाला? कुत्रा दान म्हणून गळ्यात पडू नये, तो आपला असावा, म्हणून.

आता एक गैरसमज. आपल्याला वाटतं, माणूस म्हणतो "बँकेत चल" आणि कुत्रा नेतो. तसं नसतं हो. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. कुठल्या चौकात डावीकडे, किती गल्ल्या सोडून उजवीकडे, हे त्यानं सांगायचं. सिग्नलचा लाल-हिरवा कुत्र्याला धड ओळखता येत नाही, त्यामुळे गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं तेही माणूसच ठरवतो. कुत्र्याचं काम दोन वळणांमधलं: खड्डा टाळ, खांब टाळ, पायरीपाशी थांब. लोंबत्या फांदीखालून तो स्वतः आरामात जाईल, पण मालकाच्या उंचीचं माप त्याच्या डोक्यात बसवलेलं असतं, म्हणून तो वळसा घालतो.

साधारण वर्षभर पिल्लू एखाद्या कुटुंबात वाढतं. बस, बाजार, लिफ्ट, लहान मुलांचा दंगा, सगळं बघतं. मग काही महिने शाळा. शेवटी काही आठवडे त्या माणसाबरोबर.

आणि या शाळेतला सगळ्यात अवघड धडा म्हणजे हुकूम न पाळणं. माणसानं ऐकलं, रस्ता मोकळा वाटला, म्हणाला "पुढे". पण कोपऱ्यावरून इलेक्ट्रिक स्कूटर येतेय, बिनआवाजाची. कुत्र्यानं हलायचं नाही. पुन्हा "पुढे" म्हटलं तरी हलायचं नाही. बसायला शिकवणं सोपं हो, बिस्किटावर कुठलाही कुत्रा बसेल. पण शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा ऐकायचं आणि नेमकं शंभराव्या वेळी धन्यालाच अडवायचं, ही अक्कल फार वरची. सगळ्या पिल्लांना ती जमतही नाही, जमत नाही त्यांना दुसऱ्या कामाला लावतात.

तुम्ही विचाराल, आपल्याकडे असे कुत्रे का दिसत नाहीत? शिकवणाऱ्या संस्था नगण्य आहेत हे एक. पण समजा उद्या एक शिकलेला लॅब्रॅडॉर पुण्यात आणला. गल्लीच्या तोंडाशी पाच भटकी कुत्री त्याच्या अंगावर येणार. पुढे फुटपाथच नाही. रिक्षावाला म्हणणार, "कुत्रं नाय घेणार." आणि उरलेले सगळे "अय्या, किती गोड!" म्हणत त्याला थोपटणार. हार्नेस अंगावर असताना तो ड्युटीवर असतो, त्याला थोपटणं म्हणजे गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे झाकणं. इथे काठीच जास्त चालेल, असं मला वाटतं, आणि काठीवाल्यांचंही बरंचसं तेच मत असतं.

तीन वर्षांपूर्वीचं म्हटलं ना, ते सांगते. मेट्रो स्टेशनात पन्नाशीचे एक गृहस्थ पांढरी काठी घेऊन चालले होते. समोर जिना. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि "काका, सांभाळून, सांभाळून!" असा धोशा लावला. ते थांबले.

"ताई, सांभाळून म्हणजे नेमकं काय करू? वर चढू, खाली उतरू, की इथेच बसू?"

मी गप्प.

"जिना आहे, खाली जातो, एवढं सांगा. आणि माझा हात सोडा, मला तुमचं कोपर द्या."

त्यांनी माझं कोपर मागून हलकेच धरलं. मी अर्धं पाऊल पुढे, ते मागे. मी पायरी उतरले की कोपर खाली जायचं, त्यांना आपोआप कळायचं. बोलायची गरजच नाही. उतरता उतरता या फरशांची दोन अक्षरं त्यांनीच मला शिकवली.

खाली आल्यावर म्हणाले, "झालं, इथून पट्टी आहे." काठीचं टोक पट्ट्यांवर टेकवून ते निघाले, माझ्यापेक्षा वेगात. दहा पावलांवर पट्टीच्या बरोबर मध्यावर बॅग ठेवून एक मुलगा मोबाइल बघत उभा होता. काठी बॅगेला लागली. "सॉरी, सॉरी काका," म्हणत त्यानं घाईघाईनं बॅग उचलली, आणि दोन पावलं पुढे नेऊन ठिपक्यांच्या फरशीवर ठेवली.