सतरा अंश उत्तर: रत्नागिरीतून निघालेली एक रेषा

(दृश्य: मांडवीचा किनारा, ओहोटी. ओल्या वाळूत काळ्या रेघा.)

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत. मिऱ्याकडचा पांढरा आणि मांडवीचा काळा. पाणी दोन्हीकडे तेच, रंगाचा फरक वाळूचा. मांडवीच्या वाळूत काळे, जड कण आहेत. त्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचं खनिज. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि त्यावरचा जांभा झिजत झिजत नद्यांनी खाली आणला, त्याचा हा गाळ. आणि तो काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा.

(दृश्य: नकाशा. रत्नागिरीवर एक ठिपका, तिथून पश्चिमेकडे सरकणारी रेघ.)

रत्नागिरी जवळपास नेमकी १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून नाकासमोर पश्चिमेला निघायचं, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. सुमारे ३८,३०० किलोमीटर गेलं की पूर्वेकडून, घाट उतरून, परत रत्नागिरी. वाटेतल्या प्रत्येक गावावर सूर्य सारखाच तळपतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा तो बरोबर डोक्यावर येतो. ऊन सगळ्यांना सारखं मिळालं, तर जमीनही सारखीच असायला हवी. ती तशी नाही.

(दृश्य: अरबी समुद्र. मग ओमानच्या डोंगरावर धुकं, धुक्यात चरणारे उंट.)

पहिला मुक्काम दोन हजार किलोमीटरवर. ओमानमधलं सलालाह. कोकणात मस्कतला कुणी ना कुणी नसलेलं गाव सापडायचं नाही, पण सलालाहचं नाव तितकंसं कानावर नसतं. हे शहर अगदी आपल्या समोर आहे, आणि जून ते सप्टेंबर तिथेही आपलाच पाऊस असतो. स्थानिक लोक त्याला खरीफ म्हणतात. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आपण मिरगाला वाट बघतो, तोच वारा सलालाहमागचे डोंगर हिरवे करतो.

पण तिथे पडते ती नुसती भुरभुर. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि तिथे धुक्यातून झिरपणारा ओलावा. वारा एक आणि अक्षांश एक, मग असं का?

हा वारा दक्षिण गोलार्धातून येतो. विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याशी जोर धरतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे उजवीकडे वळतो. ओमानला तो किनाऱ्याला समांतर वाहतो. वाहताना वरचं कोमट पाणी आत समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. गार पाण्यावरची हवाही गार आणि जड. तिच्या डोक्यावर वाळवंटाकडून आलेली गरम, कोरडी हवा बसलेली. ढग उंच वाढूच शकत नाही. डोंगराला चिकटतो, ठिबकतो, संपतो.

तोच वारा पुढे अरबी समुद्रावरून येताना पोटभर बाष्प घेतो आणि सह्याद्रीवर आदळतो. भिंतीपुढे त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. वर चढला की गार होतो, आणि गार झाला की बरसतो. आंबोलीला वर्षाला ७,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याचं कारण हे. कोकणचा पाऊस समुद्राने दिला असं आपण म्हणतो. समुद्र तर ओमानलाही आहे.

(दृश्य: वाळूच्या टेकड्या, विमानातून.)

सलालाहमागचे डोंगर ओलांडले की हिरवळ एकदम संपते. सुगंधी धुपाचा डिंक देणारी झाडं या कोरड्या उतारावर वाढतात, आणि त्यापलीकडे रुब अल खाली. नुसत्या वाळूचं जगातलं सगळ्यात मोठं सलग वाळवंट, साडेसहा लाख चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. काही टेकड्या २५० मीटर उंच.

(दृश्य: तांबडा समुद्र, मग सुदानमधले मेरोवेचे पिरॅमिड, मग आगादेसची मातीची मशीद.)

तांबडा समुद्र ओलांडला की आफ्रिका. नाईलकाठी मेरोवेचे पिरॅमिड याच रेषेवर. पुढे नायजरमधलं आगादेस, आणि रेषेच्या किंचित दक्षिणेला मालीतलं टिंबक्टू. या सगळ्या प्रवासात थांबण्यासारखी जागा मात्र चाडमध्ये आहे, बोदेले नावाचा खोलगट भाग. जगातली सगळ्यात धुळकट जागा.

(दृश्य: उपग्रहचित्र. फिकट पांढऱ्या जमिनीवरून उठलेला धुळीचा पट्टा.)

इथे हजारो वर्षांपूर्वी अवाढव्य तळं होतं. आजचं चाड सरोवर हा त्याचा उरलेला तुकडा. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारात पाऊस होता, गवत होतं, पाणघोडे होते. तळं आटलं आणि तळाशी डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा पांढरा, हलका थर उरला. उत्तरेला तिबेस्ती हा ज्वालामुखींचा डोंगर, पूर्वेला एनेडीचं पठार. या दोहोंच्या फटीतून वारा घुसतो आणि ती पूड उचलतो.

सहाराची ही धूळ अटलांटिक ओलांडते. नासाच्या उपग्रहाने २००७ ते २०१३ या काळात घेतलेल्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: दरवर्षी सरासरी पावणेतीन कोटी टन धूळ अॅमेझॉनच्या खोऱ्यावर पडते, आणि तिच्यात सुमारे २२,००० टन फॉस्फरस असतो. पावसाने धुऊन गेलेल्या जंगलाला वाळवंट खत घालतं.

जाता जाता एक गोष्ट. सहारातल्या खडकांवर पाणघोड्यांची चित्रं आहेत, आणि रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरच्या, कातळशिल्पांत गेंडाही कोरलेला आहे. कोकणात आज गेंडा नाही. तेवढ्यावरून कोकणचं हवामान बदललं असं सांगून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. इतकी घाई करू नये. खोदणाऱ्याने गेंडा कुठे पाहिला, हे कातळ सांगत नाही.

सहारा कोरडा का, याची शाळेत शिकवलेली गोष्ट खरीच आहे. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा पुढे जाऊन खाली उतरते, आणि उतरणारी हवा पाऊस पाडत नाही. पण १९९६ साली रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी त्यात आपल्या बाजूचा एक धागा जोडला. मान्सूनमध्ये भारतीय उपखंडावर आणि त्याच्या भोवती हवा प्रचंड प्रमाणात वर चढते, पावसाची उष्णता वातावरणात सुटते. त्याचा परिणाम पश्चिमेला दूरवर जातो. पूर्व सहारा आणि भूमध्य समुद्राकडे हवा आणखी जोराने खाली बसते. म्हणजे आपल्याकडे आषाढात पडणारा पाऊस हा तिकडच्या कोरडेपणाला हातभार लावतो.

(दृश्य: अटलांटिक. केप व्हर्देचं सांतो आंताव बेट. मग कॅरिबियन.)

अटलांटिकमध्ये सांतो आंताव हे ज्वालामुखीतून उभं राहिलेलं बेट रेषेवरच लागतं. ईशान्य वाऱ्याकडची बाजू हिरवी, पाठीमागची रखरखीत. सह्याद्रीचं गणित लहान आकारात. आणि मग, रेषेच्या थोडं खाली, माँटसेराट.

(दृश्य: राखेत छतापर्यंत बुडालेली घरं.)

जेमतेम १०० चौरस किलोमीटरचं बेट. १८ जुलै १९९५ रोजी इथला सूफ्रियेर हिल्स ज्वालामुखी जागा झाला. २५ जून १९९७ रोजी तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा उतारावरून सुटला आणि १९ माणसं गेली. प्लिमथ हे राजधानीचं शहर आधीच रिकामं केलेलं होतं. ते राखेत गाडलं गेलं, ते आजतागायत तसंच आहे. बेटावरचे दोन तृतीयांश लोक देश सोडून गेले.

माँटसेराटचा लाव्हा घट्ट आहे. त्यात सिलिका जास्त. तो वाहत नाही, तोंडाशीच घुमटासारखा साचतो, आत वायू कोंडतो आणि घुमट ढासळला की लोंढा सुटतो. ज्वालामुखी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे असाच डोंगर येतो. म्हणूनच घाटात गाडी थांबवून लोक विचारतात, यातला ज्वालामुखी कोणता? तुरल, राजवाडीची गरम पाण्याची कुंडं पाहून तर काहींची खात्रीच पटते. ते पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. खाली लाव्हा उकळत नाही. आणि सह्याद्रीतलं कुठलंही शिखर ज्वालामुखीचं तोंड नाही.

(दृश्य: मेक्सिको. एल चिचोनचं विवर, त्यात हिरवट तळं.)

मेक्सिकोत एल चिचोन. १९८२च्या मार्च-एप्रिलमध्ये फुटला तेव्हा सुमारे २,००० माणसं दगावली. त्याच्या ढगात गंधक फार होतं. ढग पश्चिमेकडे वाहत तीन आठवड्यांत पृथ्वीला फेरी मारून आला. म्हणजे आपण निघालो त्याच दिशेने, आपल्याच पट्ट्यावरून. आपल्याला तीन आठवड्यांत हा फेरा जमेलच असं नाही.

(दृश्य: पॅसिफिक. बराच वेळ फक्त पाणी.)

पुढे बारा हजार किलोमीटर पाणी. उत्तरेला जरा अंतरावर हवाई बेटं, ती आठवणीत ठेवा. मग मारियाना बेटांची ज्वालामुखींची ओळ, जिथे पॅसिफिकचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो. फिलिपिन्स. व्हिएतनाममध्ये सोन डूंग, जगातली सगळ्यात मोठी गुहा मानली जाते ती. म्यानमारमधलं यांगून. बंगालचा उपसागर. आणि आंध्रात गोदावरीच्या काठी राजमहेंद्री, पुन्हा बरोबर १७ अंशावर.

(दृश्य: राजमहेंद्रीजवळची खाण. चुनखडकाच्या थरांमध्ये काळा दगड.)

इथे खाणीत आपला काळा पाषाण सापडतो. समुद्री जिवांचे अवशेष असलेल्या चुनखडकांच्या मधोमध. तपासल्यावर दिसतं की त्याचं वय आणि रसायन महाबळेश्वरच्या बाजूच्या थरांशी जुळतं. बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं, की हा लाव्हा पश्चिमेकडून जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत सुमारे हजार किलोमीटर इथवर आला. जमिनीवर इतका लांब वाहिलेला दुसरा लाव्हा माहीत नाही.

हे शक्य झालं कारण हा लाव्हा पातळ होता, काकवीसारखा. आणि तो डोंगरातून नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी इथे अशीच सुमारे २७ किलोमीटरची भेग आठ महिने वाहत होती. त्या विषारी वायूंनी गुरं मेली, पाठोपाठ दुष्काळ आला आणि देशाची सुमारे पंचमांश वस्ती संपली. दख्खनचं प्रकरण त्याच्या कैक पटींनी मोठं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, थरावर थर. आज उरलेलं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटर, घाटाजवळ जाडी दोन किलोमीटरच्या घरात.

आता हवाई आठवा. तिथे खोलवरचा एक उष्ण स्रोत जवळपास जागच्या जागी आहे आणि वरचा भूपट्ट सरकतो आहे. आपल्या लाव्हाचा असा स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे, मॉरिशसच्या शेजारी, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा भारत त्या स्रोतावर होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. ज्या १७ अंशाच्या रेषेवरून आपण जग फिरून आलो, तिथे तेव्हा रत्नागिरी नव्हतीच.

(दृश्य: जतचा माळ. बाभळी, कोरडा ओढा. मग आंबा घाट, पाऊस.)

राजमहेंद्रीहून रेषा पश्चिमेला सांगली जिल्ह्यात जतला पोचते. रत्नागिरीपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटर. खालचा दगड तोच, लाव्हाच. पण पाऊस ५०० मिलीमीटरच्या आसपास, कारण वारा इथवर येईतो रिता झालेला असतो. कोरडं कसं असतं ते बघायला ओमानला जायची गरज नाही.

आणि मग घाटमाथा. रेषेच्या किंचित वर, देवरुखजवळ, मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा.

(दृश्य: धबधबा, खालून. कड्यातले आडवे थर.)

कड्याकडे नीट पाहिलं तर थर मोजता येतात. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. दोन लोटांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थंड होऊन पुढचा येईपर्यंत वरचा खडक कुजून झालेली ती माती. हा पट्टा मऊ असतो. पाणी तो आधी खातं, वरचा कडक थर अधांतरी राहतो, उभ्या भेगांवर सुटतो आणि कोसळतो. असा धबधबा दर खेपेला थोडा मागे सरतो. झांबेझीवरचा व्हिक्टोरिया आणि ब्राझील-अर्जेंटिना सीमेवरचा इग्वासू, हे दोन्ही बलाढ्य धबधबेही अशाच लाव्हाच्या पठारांवरून पडतात. तिथे मोठी नदी आहे, म्हणून बारमाही गर्जना. आपल्याकडे माथ्यावर जेमतेम ओढा असतो, कारण पठाराचा उतार पूर्वेला. काठापासून थोडं आत पडलेलं पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं.

कोकणपट्टी घडण्यातही या मागे सरण्याचा हात आहे. सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला, पश्चिम किनारा तुटला, तेव्हा पठाराचा कडा आजच्या किनाऱ्याच्या बाजूला होता, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. पाण्याने तो कापत कापत पूर्वेला नेला, आणि जी जागा मोकळी झाली तिच्यावर आपल्या वाड्या, आंबे आणि सडे आहेत.

(दृश्य: आंबा घाटातलं वळण. रस्त्यावर दगड, थांबलेले ट्रक.)

ते काम थांबलेलं नाही. पावसाळ्यात घाटात दरड येते, वाहतूक बंद होते, एसटी कुंभार्लीमार्गे वळवतात, जेसीबी येऊन दगड दरीकडे लोटतो आणि संध्याकाळी एकेरी वाहतूक सुरू होते.