रातांब्याचा रंग कुठे गेला?

वेंगुर्ल्याजवळचं हे छोटं युनिट. मे महिना, क्रेट भरभरून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आलेत आणि शेडमध्ये बायका फोडायला बसल्यात.

गेल्या वर्षी इथे कोकम सरबताची नवीन बाटली काढली होती. लॅबमधलं सॅम्पल फ्रिजमध्ये असायचं, रंग असा लालभडक की मार्केटिंगवाले बघूनच खुश, म्हणाले रंग दिसलाच पाहिजे, पारदर्शक बाटली घ्या, मग परचेसने स्वस्त पडतात म्हणून एकदम भरपूर बाटल्या उचलल्या, आणि प्रॉडक्शनने सरबत तापवताना आंब्याच्या पल्पचंच टायमिंग लावलं. कोकम आंब्यापेक्षा कितीतरी आंबट, त्याला एवढं तापवायची गरजच नसते, हे लॅबला माहीत होतं पण सांगायचं राहिलं. दुकानात उजेडात ठेवलेल्या बाटल्या थोड्याच दिवसांत मातकट झाल्या. कोकमचा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, त्याला उष्णताही सोसत नाही आणि उजेडही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की शेडमधल्या मावशीला ते आधीच ठाऊक होतं. आगळाबद्दल, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाबद्दल, ती लॅबच्या मॅडमना नंतर म्हणाली, "गो बाय, आगळ उजेडात ठेवलंस तर रंग जातलो, आमी बरणी काळोखातच ठेवतंव." तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि पाऊस लागला की रातांबा संपला, म्हणजे चूक कळली तरी नवीन ट्रायलला थेट पुढचा मे.

१९८५ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीत असंच अडलं होतं. घरगुती ब्रेड मशीनमध्ये कणीक नीट मळलीच जात नव्हती. मग टीममधली एक सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो कणीक ताणताना पीळ देतो. हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, ते त्याच्या हातातच होतं. परत येऊन इंजिनियर लोकांसोबत वर्षभर खटपट केली आणि मशीनच्या आत खास कंगोरे बसवले. व्यवस्थापनाचे जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी हा किस्सा पुढे जगाला सांगितला.

इथे यंदा लॅबच्या मॅडम रोज सकाळी तासभर शेडमध्ये बसून रातांबे फोडतात, प्रॉडक्शनचा सुपरवायझर पण तिथेच चहा घेतो. खिडकीत उन्हात दोन बाटल्या ठेवल्यात, एक पारदर्शक, एक गडद तपकिरी. मावशी जाता-येता बघते. परचेसने अजून ऑर्डर दिलेली नाही.