रिकामा डबा

नमस्कार मंडळी,

‘संकटातून सकारात्मकता’ या विषयावर बोला म्हणून कार्यकारिणीचा फोन आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. तीन वर्षांपूर्वी मला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आजही अर्धंच ऐकतो. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं सांगणारे तेव्हा पुष्कळ भेटले. उशी फेकून मारावीशी वाटायची, पण चालत्या हाताला सलाइन होतं.

रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, एर्गोथेरपीच्या (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) बाईंनी पुढ्यात एक फळी ठेवली. तिला दोन खिळे, टोकं वर. त्यात बटाटा खोचायचा आणि एका हाताने सोलायचा. पहिल्या बटाट्याला पंचवीस मिनिटं लागली, सालीबरोबर निम्मा बटाटाही गेला. मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, ‘उद्या दुसरा.’

त्याच सुमारास मुलाने मला मुरलीकांत पेटकरांबद्दल वाचून दाखवलं. आमच्याच सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूरकडचे. लष्करात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. १९७२ साली जर्मनीतल्या याच आपल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिक झालं. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल ते ३७.३३ सेकंदांत पोहले. विश्वविक्रम, आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ला. असो.

खरं सांगते, पदकाचं ऐकून मी कूस बदलली. मला कुठे पदक आणायचं होतं! मी अडकले ते मधल्या सात वर्षांत. पोहायला ते लागले ते उपचार म्हणून. आणि परदेशवारीच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार लागला होता. म्हणजे एवढा पैलवान गडी, तोही दुसऱ्याचं घेऊन इथवर आला.

मला ते घेणंच जमत नव्हतं. घरी आल्यावर तुमचे डबे सुरू झाले. आमटी, मेथीची भाजी, एकदा तर चक्क पुरणपोळ्या. मी तोंडभर आभार मानायचे आणि मनात चरफडायचे. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि भरून द्यायला मला येत नव्हतं. फडताळात अकरा डबे साठले. रोज ते बघायचे आणि दार लावून घ्यायचे.

गेल्या महिन्यात लसणाची चटणी करायला घेतली. पाकळी वाटीच्या बुडाने चेपायची, साल चिमटीत ओढायची. तीन शनिवार गेले. खोबरं मात्र मुलाने किसलं, ते श्रेय त्याचं.

मागच्या टेबलावर डबे ठेवलेत, चिकटपट्टीवर नावं आहेत, जाताना आपापला न्या. पिवळ्या झाकणाच्या एका डब्यावर नाव नाही. त्यातून चकोल्या आल्या होत्या, गूळ जरा जास्त होता. तो कुणाचा, तेवढं आज सांगा.