एम.कॉम. (लेखाशास्त्र) : नोंदीमागचे प्रश्न

(ठाण्यातील एका महाविद्यालयात, पदव्युत्तर प्रवेशापूर्वी विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सी.ए. जमले नाही, तर एम.कॉम. चालेल ना?’ घोळ या प्रश्नातच आहे. लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा अधिकार सी.ए.ला मिळतो; एम.कॉम. तो देत नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे सारे बी.कॉम.ला तुमच्या हाताखालून गेले आहे. आता तीच नोंद तशीच का करायची, वेगळ्या रीतीने केली असती तर नफा किती हलला असता आणि त्यामुळे कोणाचा निर्णय बदलला असता, हे विचारायला शिकवणे हा या पदवीचा हेतू आहे.

वागळे इस्टेटमधला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. तीन वर्षांचा, मधेच न मोडता येणारा करार, भाडे दर महिनाअखेरीस १ लाख रुपये. जुन्या लेखामानक १९ प्रमाणे दरमहा १ लाख भाडेखाती नावे टाकले की काम संपले. इंड-एएस (आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळवून घेतलेली भारतीय लेखामानके) ज्या कंपन्यांना लागू आहेत, त्यांना मात्र १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ सांगते, की ३६ हप्त्यांचे हे बंधन म्हणजे देणेच आहे, ते ताळेबंदात दाखवा. महिन्याला १ टक्का व्याज धरले, तर त्या हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे ३० लाख ११ हजार रुपये येते. एका बाजूला तेवढे देणे, दुसऱ्या बाजूला गाळा वापरण्याचा तेवढ्याच किमतीचा हक्क. पहिल्या महिन्याचा खर्च मग त्या हक्काचा ३६ महिन्यांत वाटलेला घसारा ८३,६३२ आणि देण्यावरचे व्याज ३०,१०८ मिळून १,१३,७४० रुपये होतो आणि शेवटच्या महिन्यात तो ८४,६०० रुपयांच्या आसपास उतरतो. तीन वर्षांची बेरीज दोन्हीकडे ३६ लाखच. खिशातून रुपयाही जास्त गेलेला नाही, तरी कर्जाचे भांडवलाशी प्रमाण वाढलेले दिसते. हे गणित अचूक सोडवणारे पुष्कळ भेटतात. कर्ज देणाऱ्या बँकेला हे कसे समजावाल, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

आता अटींकडे वळू. वाणिज्य शाखेची पदवी हवी, हे उघडच आहे. राज्याच्या नव्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या पदवीला चार सत्रांत मिळून ८८ श्रेयांक (क्रेडिट) मिळवावे लागतात. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. प्राध्यापक व्हायचे असेल, तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी खुल्या गटाला या पदवीत ५५ टक्के गुण लागतात, तेव्हा ‘पास झालो, पुरे’ ही वृत्ती पहिल्याच सत्रात सोडावी.

पहिल्या वर्षातले कार्यानुभवाचे ४ श्रेयांक मात्र अनेकांना फुकटचे वाटतात. मामाच्या ऑफिसातून सही-शिक्का आणलेली प्रमाणपत्रे मी इतकी पाहिली आहेत, की कागद हातात घेताच ओळखू येतात. कार्यानुभवात बहुधा बँक जुळवणीचे, म्हणजे पुस्तकातली शिल्लक बँकेच्या विवरणाशी ताडून पाहण्याचे, काम वाट्याला येते आणि ते कंटाळवाणे असते, हे मान्य. पण २००९ साली सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या पत्रात कबूल केले, की पुस्तकांत दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिल्लक खरोखर आहे का, हा प्रश्न एवढा साधा आणि एवढा महागडा आहे.

दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. कृपा करून ‘भारतीय बँकिंग क्षेत्र’ असला अवाढव्य विषय आणू नका. सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले, लेखी करारात जास्त मुदत लिहिली तरी, ४५ दिवसांच्या आत चुकवावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्यातल्या दहा लहान कारखानदारांना प्रत्यक्षात पैसे कितव्या दिवशी मिळतात आणि थकलेल्या रकमेवरचे व्याज त्यांच्यापैकी किती जण मागतात, एवढे त्यांच्या खतावण्यांतून तारीखवार काढून आणले, तरी प्रकल्पाला पुरे.